शाझलिया मावशीची पाठ

आमच्या बोळातल्या बायका शाझलिया मावशीला तोंडावरून नीट ओळखू यायच्या नाहीत. रस्त्यात भेटलात तर ती डोळे बारीक करून बघत राहायची. पण हम्मामात, म्हणजे बोळाच्या सार्वजनिक न्हाणीघरात, तिच्यापुढे पालथं पडायचा अवकाश, पहिल्याच हाताला म्हणायची, "अगं, तू हलीमाची धाकटी ना? आईसारखीच पाठ, मधोमध खळगा. साबण साचतो तिथे." मग ती हलीमाची धाकटी कितीही मोठ्या कचेरीत खुर्चीवर बसत असो, त्या ओल्या फरशीवर ती हलीमाची धाकटीच असायची.

मावशी हम्मामात अंग चोळायचं काम करायची. बाब सूईका वेशीच्या मागे, दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं अशा बोळात आमचा हम्माम रिहान, आणि त्याच्या बरोबर समोर माझं शिवणाचं दुकान. मी नवरीचे कपडे शिवते. दिवसभर जरीत डोळे घालायचे आणि जीव विटला की दारातून समोर बघायचं. सकाळी हम्माम पुरुषांचा, दुपारी बायकांचा, दिवेलागणीला पुन्हा पुरुषांचा. बायकांची वेळ संपली की सगळ्यांत शेवटी मावशी बाहेर पडायची, आणि वाफेतून एकदम गार वाऱ्यात आल्यामुळे माझ्या दाराकडे तोंड करून सणसणीत शिंकायची. रोज. ती शिंक ऐकली की मी शिवण आवरायला घ्यायची.

बायका आत असल्या की हम्माम सांभाळणारे बशीरकाका दारावर पट्ट्यापट्ट्यांचं एक कापड टाकायचे. ते लटकतंय तोवर पुरुषाने मान खाली घालून पुढे जायचं. आमचे लोक पोलिसाला भीत नाहीत तेवढे त्या कापडाला भितात. आणि काका ते काढायचे कधी? तर खडावांवरून. आत जाणारी प्रत्येक बाई पायात लाकडी खडावा चढवायची, निघताना काढून फळीवर ठेवायची. काकांची बायको झकिया आत डोकवायची नाही की हाक मारायची नाही. फळी भरलेली दिसली की नवऱ्याला नुसतं "झालं" म्हणायची. तिच्या सासूच्या काळापासून असंच चालत आलं होतं आणि कधी गोंधळ झाला नव्हता.

मावशी तेवढी अनवाणी असायची. खडावांनी पाय घसरतो म्हणायची. एरवी पुरुष जमायच्या आत ती निघालेली असायची, म्हणून ते कधी नडलं नाही. हम्मामात खांब असतात, हौद असतो, तशीच तीही असते असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ती मूळची केफच्या डोंगरातली. दुधाचे दात पडायच्या वयात बापाने तिला जुन्या शहरातल्या एका बड्या घरी कामाला आणून सोडलं, तो पुन्हा दिसला थेट तिच्या लग्नात. नवरा हम्मामाच्या भट्टीत लाकूड घालणारा. एक दिवस लिबियात चांगलं काम आहे म्हणून गेला आणि तिकडेच विरघळला. मेल्याची बातमी नाही, दुसरी केल्याची नाही, काहीच नाही. मूलबाळ नव्हतं. ज्या घरात ती वाढली ते लोकही पुढे समुद्राकाठच्या नव्या बंगल्यात गेले. जाताना झुंबरं नेली, मांजर नेलं, आणि हिला म्हणाले, "येत जा हं भेटायला." मग त्या घराच्या खोल्या वेगवेगळ्या बिऱ्हाडांना दिल्या गेल्या. जिथे पूर्वी तेलाचे रांजण असायचे त्या खोलीत मावशी राहू लागली. मी एकदा विचारलं, "मावशी, तुला त्यांचा राग नाही आला?"

"त्यांचा कशाला?" ती म्हणाली. "मांजर मात्र माझ्या हातचंच खायचं गं. त्याचं वाईट वाटलं."

तिच्या पोटात सगळ्या बोळाची गुपितं होती. मुलांच्या आया सून बघायच्या आधी गोड बोलत तिच्याशेजारी येऊन बसायच्या. "शाझलिया, त्या घड्याळजीची मुलगी कशी आहे गं? अंगावर काही डाग-बिग?" मावशी कासा झटकायची. कासा म्हणजे तिचा अंग चोळायचा खरखरीत हातमोजा. म्हणायची, "पाठ सरळ आहे. तोंडाचं तुम्ही बघा, ते माझ्याकडे नसतं." एवढ्यावर त्या बायकांना उठावं लागायचं.

हम्मामात एक रीत आहे. आपल्या पाठीला आपला हात पुरत नाही, म्हणून एकटी आलेली बाई शेजारणीला म्हणते, "हात देतेस?" शेजारीण ओळखीची असो नसो, ती हिची पाठ चोळून देते, मग ही तिची. याला कुणी नाही म्हणत नाही. सासू-सुना भांडून आल्या असल्या तरी पाठीपुरतं भांडण बंद. फक्त मावशीला कुणी हात देत नसे. मुद्दाम नव्हे, तिलाही पाठ असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. सगळ्या गेल्या की ती एका खांबाला ओला पंचा गुंडाळायची आणि गाय झाडाला अंग घासते तशी पाठ घासायची. विसरलेला कंगवा घ्यायला एकदा मी परत गेले तेव्हा पाहिलं.

"काय बघतेस?" ती हसून म्हणाली. "तुझ्या नवऱ्यापेक्षा हा खांब बरा. कुरकुर करत नाही."

मग तुर्किया आजीचं झालं. बोळाच्या टोकाला राहणारी ही म्हातारी ऐन थंडीत वारली. मुलगे परदेशात, सुना नव्या वस्तीत. मयतीला आंघोळ घालणारी नेहमीची बाई स्वतःच अंथरुणाला खिळलेली, आणि दुसरी कुणी पुढे होईना. आम्ही सगळ्या दारात उभ्या, तोंडाने "अल्ला रहम करो" चाललंय आणि उंबरा ओलांडायचं कुणी नाव घेत नाही. मावशी हम्मामातून तशीच ओल्या केसांनी आली, बाह्या वर सारल्या आणि आत गेली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "किती हलकी झाली होती गं. कुणी जेवायला घालत होतं की नाही हिला?" त्यासरशी आम्हा सगळ्यांना आपापल्या घरची कामं आठवली.

तेव्हापासून कुठे मयत झाली की मावशीलाच बोलावणं यायचं. माझ्या आईलाही तिनेच आंघोळ घातली. पुण्याचं काम, तोंडावर सगळ्या वाहवा करायच्या. आणि नवरीला घेऊन येणाऱ्या आया मात्र तिला वळसा घालून दुसऱ्या चोळणारीकडे, तरण्याताठ्या मबरूकाकडे जाऊ लागल्या. मयत धुतलेले हात नवरीला लागू नयेत, असा आमच्या बायकांचा समज. किताबात असं काही नाही हे इमामसाहेबांनी बजावून सांगितलं, पण हम्मामातल्या गोष्टीत इमामांना कोण विचारतंय? एकदा वसीला नावाची बाई लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आली होती. मावशीने कासा चढवला तशी वसीला घाईघाईने म्हणाली, "नको नको, मावशी, तू दमली असशील."

"मी? आत्ताच तर आलेय."

"तसं नाही गं. मुलीला मबरूकाच्या हाताची सवय आहे."

"सवय!" मावशी हसली. "तुमच्या नव्या वस्तीत घरोघरी न्हाणीत फवारे आले तेव्हापासून ही पोरगी हम्मामात आली कधी?"

हसली खरी, पण कासा काढला आणि कोपऱ्यात जाऊन बादली विसळायला लागली. बादली विसळलेलीच होती. नवरीची आंघोळ हे तिचं खरं सुख होतं. नवरीच्या केसांना न्हाण्याची माती लावताना ती फाटक्या आवाजात गायची, पाण्यात नारिंगाच्या फुलांचा अर्क टाकायची आणि स्वतःचीच मुलगी असल्यासारखी डोळे पुसायची. ते गेलं ते गेलंच.

एका सुट्टीच्या दुपारी ती माझ्या दुकानात आली. ओच्यात छोटी संत्री. एक सोलून मला दिलं, एक स्वतः खाल्लं, बिया मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "बेया, मी मेले की मला आंघोळ कोण घालणार?"

माझ्या हातात त्याच वसीलाच्या मुलीचे लग्नाचे कपडे होते. सुई थांबली. "काय बाई बोलतेस! अल्ला तुला आयुष्य देवो."

"देईल की. पण पुढे? मी सगळ्यांना घातली. मला कोण घालणार ते सांग."

"नगरपालिकेच्या बायका असतात."

"त्या अनोळखी गं. माझा डावा खांदा वर उचलला की कळ येते, हे त्यांना कुठलं ठाऊक?"

"मेल्यावर कसली आलीय कळ?"

"तुला काय माहीत? मेली होतीस कधी?"

मला हसू फुटलं, तिलाही. हसता हसताच ती उठली आणि कोपऱ्यातल्या माझ्या शिवणाच्या पुतळ्याकडे गेली. बिनडोक्याचा, बिनहातांचा कापडी पुतळा. "नुसतं बघून तरी ठेव," म्हणाली. "बघायला तुझं काय जातंय? उजवीकडून सुरुवात करायची. जिवंत बाईला मी हाताला येईल तिथून चोळते, दुखलं तर ती बोंबलेल. मयत बोलत नाही, म्हणून तिला सगळं रीतीने. उजवा खांदा, उजवी कूस, मग डावी. आणि हळू. कुशीतलं मूल जागं होऊ नये इतकं हळू."

तिचा हात पुतळ्याच्या खांद्यावरून असा काही फिरत होता की मला आई आठवली. आईला ती आत आंघोळ घालत होती तेव्हा मी बाहेर अंगणात तोंड झाकून बसले होते. आत काय झालं ते मला आज दिसत होतं.

नेमकी तेव्हाच वसीला मुलीला घेऊन कपडे अंगाला लावून बघायला आली. पुतळ्यावर तिच्या मुलीचा अर्धा टाचलेला सदरा, आणि त्यावर मावशीचा हात. वसीलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी," मी म्हणाले, "झालं ना तुझं? गिऱ्हाईक आलंय मला."

मावशीने हात मागे घेतला. "झालं, झालं," म्हणाली. संत्र्याची सालं गोळा केली आणि मुलीला चुकूनही धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून बाहेर गेली.

वसीलाने नुसतं बोट दाखवलं असतं तर माझं दुकान ओस पडलं असतं. नवरीमुली काही बिनकपड्यांच्या राहिल्या नसत्या, पुढच्या बोळात गेल्या असत्या. मलाही पोट आहे. मावशीने तो विषय पुन्हा काढला नाही. जाता-येता "काय गं?" म्हणायची, मी "काय नाही" म्हणायची. संत्री घेऊन मात्र ती पुन्हा आली नाही. पुतळ्याला कपडा चढवताना माझा हात आपोआप आधी उजव्या खांद्याकडे जायचा आणि मला स्वतःचाच राग यायचा.

त्याच हिवाळ्यात हम्मामाच्या घुमटाला तडा गेला. मालकाचे वारस गाडीतून आले, वर बघितलं, म्हणाले, बंद करा, दुरुस्त करू इन्शाल्ला. इन्शाल्ला कुठल्या सुरात म्हटलंय यावरून काम होणार की नाही ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. हे होणाऱ्यातलं नव्हतं. मबरूकाला दुसऱ्या हम्मामाने लगेच बोलावलं. मावशीला कुणी विचारलं नाही.

"तू आता आराम कर," झकिया तिला म्हणाली.

"कुठे करू? खोलीत?" मावशी म्हणाली. "तिथे तर मी एकटीच असते."

शेवटच्या दुपारी बोळात जत्रा लोटली. कधीच्या नव्या वस्तीत गेलेल्या बायकाही मुली-नातींना घेऊन आल्या. उकडलेली अंडी, संत्री, लिंबाच्या सोड्याच्या बाटल्या, काही विचारू नका. मी गेले नाही. वसीलाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या रेशमी ओढणीची जर अजून पुरी व्हायची होती. दारात बसून टाके घालत होते. ऊन उतरलं तशा बायका एकेक करून बाहेर आल्या, गाल लाल, डोक्याला रुमाल. एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. घुमटासाठी रडल्या, खांबांसाठी रडल्या, लहानपणी आईने इथे कसं न्हाऊ घातलं ते सांगत रडल्या. मावशीचं नाव मला कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही.

झकियाने फळीकडे पाहिलं. "झालं," म्हणाली. बशीरकाकांनी दारावरचं कापड काढलं, त्यालाच डोळे पुसले आणि गाठोड्यात बांधून टाकलं. पुरुष आधीच जमले होते, त्यांनाही शेवटची आंघोळ करायची होती. खांद्यावर पंचा टाकून मासळीवाले रिधाकाका सगळ्यांच्या पुढे.

मला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. ओढणीची घडी घालायला हात जाईना. मग लक्षात आलं, शिंक. शिंक कुठे ऐकली मी?

रिधाकाकांनी उंबऱ्यावर पाय ठेवला होता.

"थांबा!" मी ओरडले. "बाई आहे आत!"

"कसली बाई?" झकिया म्हणाली. "फळी भरलीय."

"शाझलिया मावशी!"

झकियाने तोंडावर हात मारला. "अगं बाई! ती खडावा घालत नाही!"

रिधाकाका विंचू चावल्यासारखे मागे उडाले आणि मागच्या दोघांच्या पायांवर पडले. "अरे बशीर, कापड टाक! या वयात माझी अब्रू घालवतोस का?" बशीरकाकांना गाठोड्याची गाठ सुटेना. मागच्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, ते पुढे रेटत होते. मी धावत गेले आणि हातात जे होतं ते दारावर टाकलं.

टाकल्यावर बघितलं. वसीलाच्या मुलीची ओढणी. हम्मामाच्या त्या काळ्या, शेवाळलेल्या चौकटीत सोनेरी जर लखलखत होती. पुढे रेटणारे जागच्या जागी थांबले.

"बेया," झकिया हळूच म्हणाली, "अगं, नवरीची आहे ती. आणि आत कोण आहे..."

"आत बाई आहे," मी म्हणाले. "दारावर कापड नको?" आणि आत गेले.

मावशी गरम खोलीत खांबापाशी खाली बसली होती. खांबाला पंचा गुंडाळलेला, कासा मांडीवर.

"पडलीस का?"

"नाही गं. पाठ घासायला लागले तर हात-पाय चालेनात. म्हटलं बसू जरा. बाहेर कसला गलका?"

"रिधाकाका आत येत होते."

"येऊ दे की. आईच्या कडेवर बसून यायचा इथे. साबण डोळ्यांत गेला की बोळभर ऐकू जायचं." मग ती थांबली. "म्हणजे कापड काढलं त्यांनी. फळी भरली असेल."

तिच्या चेहऱ्यावर पाणी होतं, हम्मामात कुणाच्याही चेहऱ्यावर असतं. दिवसभर एवढ्या बायका तिच्या हाताखालून गेल्या आणि ती आत राहिली हे एकीलाही समजलं नाही. इतकं एकटं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते रोज माझ्या दारासमोर शिंकत होतं.

मी चपला काढल्या, बाह्या वर सारल्या आणि तिच्या मांडीवरचा कासा उचलला. "पाठ कर इकडे."

"तू? तुझे कपडे भिजतील."

"पाठ कर म्हटलं ना."

तिने पाठ केली. अरुंद पाठ, मणके वर आलेले, डाव्या खांद्याखाली खांबाने घासून घासून राठ झालेला एक पट्टा. मी बादलीतलं कोमट पाणी ओतलं. हात क्षणभर तसाच राहिला. मग मी तो तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला. उजवा खांदा, उजवी कूस, खाली कमरेपर्यंत. मग डावीकडे आले, खांदा वर न उचलता, खालून हात घालून. हळू, तिने पुतळ्यावर दाखवलं होतं तितकं हळू.

तिचे खांदे आधी ताठ होते, मग सैल पडले. बाहेर पुरुष कुजबुजत होते, पण घाई कर असं कुणी म्हणालं नाही.

"उजवीकडून सुरुवात केलीस," मावशी म्हणाली.

"हो."

"आणि तुझी गिऱ्हाइकं?"

"त्यांचं मी बघीन."

मग तिने नाक ओढलं, पाठ माझ्या हाताकडे रेटली आणि फाटक्या आवाजात डाफरली, "मग आता जोर लाव की, पोरी. हळू त्या दिवशी चोळ."